निलेकणी पडले ते हुशारी कमी होती म्हणून नाही

कुठलाही मोठा उद्योगपती निवडणुकीला उभा राहतोय म्हटलं की आपल्याकडे लगेच सुरू होतं, असेच लोक राजकारणात यायला पाहिजेत, शिकलेले, स्वतःच्या जिवावर पैसा कमावलेले, ह्यांना खायची गरजच नाही वगैरे वगैरे. मला दरवेळी दक्षिण बंगळूर मतदारसंघ आठवतो.

२०१४ ला नंदन निलेकणी तिथून काँग्रेसतर्फे लढले. इन्फोसिसच्या संस्थापकांपैकी एक, आधार उभं करणारा माणूस, जाहीर केलेली संपत्ती साडेसात हजार कोटींच्या वर. (तसा लोकसभेला खर्चाचा कायदेशीर लिमिट तेव्हा ७० लाख, त्यामुळे हे कोटी कागदावर तरी काही कामाचे नव्हते, असो.) सीट अशी की भाजपने १९९१ पासून सोडलेली नाही आणि समोर अनंतकुमार, १९९६ पासून सलग पाच वेळा खासदार. तरी लोकांना वाटत होतं की आयटीवाले आहेत, जयनगर बसवनगुडीचा शिकलेला मध्यमवर्ग आहे, हा आपलाच माणूस म्हणून मतं देतील. पडले, सव्वादोन लाखांहून जास्त मतांनी.

मोदी लाट होती, मान्य. पण २००९ ला त्याच अनंतकुमारांसमोर काँग्रेसचे कृष्ण बैरेगौडा, आधी आमदारकी केलेला राजकारणी माणूस, फक्त ३७ हजारांनी हरले होते आणि त्याच निवडणुकीत एअर डेक्कनचे कॅप्टन गोपीनाथ, ज्यांनी साध्या माणसाला विमानात बसवलं, ते अपक्ष उभे होते तर त्यांचं डिपॉझिट गेलं. आणि २०१९ ला भाजपने ऐनवेळी २८ वर्षांच्या तेजस्वी सूर्यांना तिकीट दिलं, ते सव्वातीन लाखांच्या वर लीडने आले. म्हणजे तिथे बायोडेटा कोणी बघतच नाही हो, चिन्ह बघतात, आणि त्या चिन्हामागे वर्षानुवर्षं बूथवर बसणारी माणसं असतात, ती दोन महिन्यांत भरती करता येत नाहीत.

बसपाचे संस्थापक कांशीराम म्हणायचे, पहिली निवडणूक हरायला लढायची, दुसरी समोरच्याला पाडायला आणि तिसरी जिंकायला. माझा राग निलेकणी हरले ह्यावर नाहीच, उभे राहिले हेच खूप, पण दुसरी लढलेच नाहीत. २०१७ ला इन्फोसिसचे चेअरमन होऊन परत गेले. कंपनीचं भलं झालं असेल, पण जे तिथे त्यांच्यासाठी दारोदार फिरले त्यांना पुढच्या वेळी पुन्हा नवाच उमेदवार मिळाला.