लाल लघवी, टीबीची गोळी आणि तो मेसेज

मावशीने टीबीच्या गोळ्या बंद केल्या. का, तर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: "टीबीची गोळी म्हणजे शुद्ध केमिकल. लघवी लाल होते म्हणजे किडनीतून रक्त जातंय. पूर्वी सॅनेटोरियममध्ये हवा, दूध, अंडी यांवरच लोक बरे व्हायचे. खोकला थांबला की गोळी सोडा, लसूण-दही घ्या." खाली हात जोडलेले. वर 'सर्वांना पाठवा'.

आधी लघवीचं. टीबीच्या गोळ्यांतलं रिफॅम्पिसिन हे औषधच विटकरी रंगाचं आहे. कॅप्सूल फुटली तर बोटं रंगतात. अंगातून बाहेर पडताना तोच रंग लघवीत, घामात, थुंकीत, अश्रूंत उतरतो. कॉन्टॅक्ट लेन्सवरही डाग पडतात. मग अश्रूही किडनीतूनच येतात का? पेशंट गोळी घेतो की नाही हे तपासायला डॉक्टर लघवीचा रंग बघत आले आहेत. म्हणजे ज्या खुणेवरून औषध पोटात गेल्याचं कळतं, तीच दाखवून हा मेसेज औषध सोडायला लावतो!

या गोळ्यांनी यकृताला त्रास होऊ शकतो, हे मात्र खरं. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, अन्नावरची वासनाच गेली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. ग्रुप नव्हे.

'केमिकल'बद्दल. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पाइनच्या जंगलातली माती 1957 साली मिलानच्या लेपेटिट कंपनीच्या प्रयोगशाळेत तपासली गेली. तिच्यातल्या एका जिवाणूने रिफामायसिन बनवलं होतं. पण ते तोंडाने घेतलं तर नीट शोषलं जाईना. मग रसायनतज्ज्ञांनी त्या रेणूला एक नवी शाखा जोडली आणि रिफॅम्पिसिन तयार झालं. टीबीच्या जंतूला आरएनए (जनुकांतल्या सूचनांची नक्कल) बनवायला जे एन्झाइम लागतं, त्याला ते अडवतं. आता याला नैसर्गिक म्हणा नाहीतर केमिकल. जंतूला काही फरक पडत नाही.

सॅनेटोरियमचं उत्तर 1948 च्या ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्येच आहे. नुसत्या विश्रांतीवर ठेवलेल्या 52 पेशंटपैकी सहा महिन्यांत 14 दगावले. विश्रांतीसोबत स्ट्रेप्टोमायसिन (तेही मातीतल्या जिवाणूचंच) मिळालेल्या 55 पैकी 4. पण पुढे त्यातल्या बऱ्याच जणांचे जंतू औषधाला दाद देईनासे झाले, आणि काही वर्षांत दोन्ही गटांतलं अंतर बरंच घटलं. एकाच औषधावर भागत नाही, हे तिथेच कळलं.

लसूण-दही जेवणात खुशाल घ्या.

खोकला थांबतो तेव्हा बहुतेक जंतू मेलेले असतात, सगळे नाही. म्हणून साध्या टीबीला दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. मधेच सोडलं की उरलेले चिवट जंतू पुन्हा वाढतात. ते रिफॅम्पिसिनला दाद देईनासे झाले तर उपचार लांबतात आणि जास्त जड जातात. मावशीच्या गोळ्या मधे सुटल्या आहेत, तेव्हा आपल्या मनाने पुन्हा सुरू करायच्या नाहीत. उद्या तिला टीबी केंद्रावर न्यायचं, किती डोस चुकले ते खरं सांगायचं, आणि सीबीनॅट (जंतू रिफॅम्पिसिनला दाद देतात का हे दाखवणारी तपासणी) करायची का ते त्यांनाच विचारायचं.