‘नोटीस दिली, कचरा मिळाला’ या एक स्टारच्या तक्रारीला टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानाचं उत्तर

नमस्कार काका,

तुम्ही लिहिलंत : सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस आमच्याकडून टाइप करून घेतली, मेलमध्ये चिकटवून पाठवली, तर सभासदांना निम्मी नोटीस मोठ्याच्या मोठ्या इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसली आणि निम्मी बारीक मराठीत. नाशिकच्या अशोक स्तंभापर्यंत दोन हेलपाटे घातले, दोन्ही वेळा ‘तुमच्या मेलचा प्रॉब्लेम आहे’ एवढंच ऐकलं. वर ३५० रुपये गेले.

प्रॉब्लेम मेलचा नव्हता, आमच्या फाइलचा होता. काउंटरवरच्या मुलाने फाइल न उघडताच उत्तर दिलं, हे मला चुकीपेक्षा जास्त लागलं. बुधवार होता, गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजाराची गर्दी होती, ॲडमिशनच्या फॉर्मची रांग होती, सगळं खरं. पण फाइल बघायला दोन मिनिटं लागतात. काल मी ती बघितली.

मुलाने तुमची मागच्या वर्षीची नोटीस घेतली आणि तिच्यातच तारखा बदलल्या. ती होती कृतिदेवमध्ये. छपाईला हा फॉन्ट बिनतक्रार चालतो, आमच्या लाइनीत अजून कितीतरी कामं त्यातच होतात. पण त्यातलं मराठी संगणकाच्या लेखी मराठी नसतंच. ‘सभा’ लिहायला एल, एच, के, के दाबावं लागतं आणि फाइलमध्येही तेच चार इंग्रजी वर्ण साठतात. त्यांना ‘सभा’चं रूप फक्त फॉन्ट देतो. आणि मेलबरोबर फॉन्ट जात नाही, त्याचं नुसतं नाव जातं. तुमच्या पीसीवर नोटीस सुरेख दिसली, कारण तो फॉन्ट गेल्या वर्षी आम्हीच तुम्हाला टाकून दिला होता! सभासदांच्या मोबाइलमध्ये तो कुठून असणार? त्यांना दिसलं एलएचकेके.

नवे विषय मंगलमध्ये, म्हणजे युनिकोडमध्ये (यात मराठी अक्षर मराठी म्हणूनच साठतं) टाइप केले होते, म्हणून ते सगळीकडे वाचता आले. लहान-मोठ्याचं कोडंही इथंच सुटतं. कृतिदेव मुळात बारीक दिसतो, म्हणून कागदावर जुळावं यासाठी मुलाने त्याला १६ आणि मंगलला १२ साइज दिला. कागदावर जुळलं. मेलमध्ये मुखवटा गळला आणि १६ चा इंग्रजी कचरा तेवढा उरला.

आता दोन गोष्टी आमच्या नाहीत, त्याही सांगते. उपविधीच्या परिच्छेदामागे आलेला करडा पट्टा तुम्ही वेबसाइटवरून कॉपी केलेल्या मजकुराला चिकटून आला. असं काही घेताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही ने पेस्ट करा, नुसता मजकूर येईल. आधीच चिकटवलं असेल तर तो भाग सिलेक्ट करून फॉरमॅटिंगच्या पट्टीतला तिरकी रेघ मारलेला टी दाबा. त्याने बोल्डही जातं, ते पुन्हा द्यावं लागेल. आणि जीमेलमध्ये ‘फॉन्टची बटणंच चालत नाहीत’ म्हणालात, तर मेल लिहायच्या खिडकीत खालच्या तीन टिंबांत ‘प्लेन टेक्स्ट मोड’वर बरोबरची खूण आहे का बघा. असेल तर काढा.

अख्खी नोटीस मी युनिकोडमध्ये करून ठेवली आहे. कृतिदेवचं युनिकोड करून देणाऱ्या कन्व्हर्टरवर मात्र विसंबले नाही. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर, त्यामुळे एका ठिकाणी सचिवांचं ‘सिचव’ झालं होतं. सचिव तुम्हीच, म्हणून विशेष सांगितलं. रफारही एकेक तपासले.

टायपिंगचे १४० रुपये परत. ७० झेरॉक्सचे २१० मात्र परत करणार नाही, त्या प्रती चांगल्या निघाल्या आणि नोटीस बोर्डवर लागल्याही आहेत. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची आणि १४ दिवसांची नोटीसही द्यायची, तेव्हा मेल याच आठवड्यात जायला हवा. आधी स्वतःच्या मोबाइलवर पाठवून बघा, मग सगळ्यांना. निळ्या दोरीचा पेनड्राइव्ह तुमचाच ना? तो इथेच राहिलाय. फाइल त्यातच टाकली आहे, पैसे पाकिटात घालून सोबत ठेवलेत. दुपारी दोन ते चार सोडून कधीही या, मी स्वतः असेन.