मोस्तारच्या पुलाचे दगड : एक खुलासा

बोस्नियातील मोस्तार येथील ‘स्तारी मोस्त’ हा जुना पूल युद्धात पडल्यावर नेरेत्वा नदीतून काढलेल्या मूळ दगडांनीच पुन्हा उभारला गेला, असा मजकूर सध्या पर्यटकांमध्ये फिरत आहे. तो बरोबर नाही.

१५६६ मध्ये पूर्ण झालेला हा उस्मानी काळातील पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजी बोस्नियन क्रोएट फौजांच्या तोफमाऱ्यात कोसळला. हंगेरीच्या लष्करी पाणबुड्यांनी नदीतून दगड वर काढले हे खरे. परंतु ते नव्या कमानीत वापरण्याजोगे राहिले नव्हते. म्हणून जवळच्या खाणीतला त्याच जातीचा ‘तेनेलिया’ दगड घडवून, लोखंडी आकड्यांनी जोडून सांध्यांत वितळलेले शिसे ओतण्याच्या पूर्वापार पद्धतीने कमान बांधली गेली आणि २३ जुलै २००४ रोजी पूल खुला झाला. युनेस्कोने २००५ मध्ये या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो ही पुनर्बांधणी ठाऊक असूनच, किंबहुना तिचे मोल ओळखूनच.

त्यामुळे चढावर पाय घसरू नये म्हणून बसवलेल्या आडव्या दगडी पट्ट्या पाहताना त्यांना नकली समजू नये. मात्र त्या चार शतकांपूर्वीच्या आहेत असे सांगणे, हा त्या घडवणाऱ्या आजच्या पाथरवटांवर अन्याय आहे.