लातूरकरांनी आंबा घाटातून उतरावं

अलिबाग ते मालवण सागरी रस्ता दोन दिवसांत करा, असं लेखात सुचवलंय. कृपया असं करू नका, किमान चार दिवस ठेवा. आगरदांडा-दिघी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड इथं खाडी गाडीसकट फेरीबोटीनं ओलांडायची असते. बोट चुकली की वेळापत्रक गेलंच.

आणि आम्हा लातूरकरांना मुंबईकडून जायची गरजच नाही. रत्नागिरी-नागपूर महामार्ग लातूरवरूनच जातो. सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत आंबा घाट उतरायचा, तोही दिवसाउजेडी. रत्नागिरीहून गणपतीपुळ्याला मात्र आरे-वारेच्याच रस्त्यानं जा. चढावर गाडी बाजूला लावली की खाली दोन्ही किनारे एकदम दिसतात.

मागच्या दिवाळीत तिथंच आईला पहिल्यांदा समुद्र दाखवला. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा टँकरपुढं घागर घेऊन ताटकळलेली बाई ती. पदर खोचून घोटाभर पाण्यात गेली, ओंजळ भरली, जिभेला लावली अन् म्हणाली, "एवढं सगळं, अन् खारट!" तासभर हलली नाही. जयगडचा किल्ला त्या दिवशी आम्ही सोडूनच दिला.