इंधन संपले म्हणून उपग्रह पडत नाही

२ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे जाताना असंख्य लोकांनी पाहिले आणि चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात, लाडबोरी येथे धातूचे मोठे कडे पडले. तेव्हापासून आपल्या गावांमध्ये एक समजूत मोबाइलवरून पसरली आहे: उपग्रह गुरुत्वाकर्षणाच्या बाहेर तरंगतात, त्यांचे इंजिन सतत चालू असते, इंधन संपले की ते कोसळतात आणि लाडबोरीला असाच एक उपग्रह पडला. यातील एकही विधान खरे नाही.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरते आणि तेथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असते. ते नसते, तर स्थानक सरळ रेषेत कायमचे दूर गेले असते. ज्वारीच्या राखणीला गोफण चालवणारा हे जाणतो की, दोरीची ओढ असेपर्यंतच दगड गोल फिरतो आणि एक टोक सोडताच सरळ सुटतो. उपग्रह खरे तर सतत पडतच असतो. परंतु सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर या आडव्या वेगामुळे तो जितका खाली येतो, तितकीच त्याच्याखालची गोल पृथ्वीही वळलेली असते. हा वेग रॉकेटकडून मिळाला की पुढे फिरत राहण्यासाठी इंजिन लागत नाही; चंद्राला तरी कोणते इंजिन आहे?

इंधनाविषयीचा गैरसमज मात्र सविस्तर खोडून काढावा लागतो. खालच्या कक्षांमध्ये विरळ हवा उरलेली असते, ती वेग खाते आणि उपग्रह हळूहळू उतरतो. सौर वादळाने वातावरण फुगले की हा विरोध वाढतो; फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकतेच सोडलेले, इंधन असलेले स्टारलिंक या इंटरनेट सेवेचे सुमारे ४० उपग्रह यामुळेच गमवावे लागले. याउलट, १९५८ मध्ये उंच, विरळतम हवेच्या कक्षेत सोडलेल्या व्हॅनगार्ड-१ या अमेरिकी उपग्रहावर इंजिनच नव्हते, तरी तो अजून फिरतो आहे. सुमारे ८६५ किलोमीटर उंचीवरचा मेघा-ट्रॉपिक्स हा हवामान उपग्रह तसाच सोडला असता, तर शंभराहून अधिक वर्षे वर राहिला असता. इस्रोने ७ मार्च २०२३ रोजी त्याला प्रशांत महासागरावर नियंत्रितपणे उतरवले, ते त्यात इंधन शिल्लक होते म्हणूनच.

घरावरची टीव्हीची छत्री ज्या उपग्रहाकडे रोखलेली असते, तो ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो आणि तिथे हवेचा प्रश्न नसतो. सूर्य-चंद्राच्या ओढीने त्याची कक्षा कलत जाते, ती सावरण्यात इंधन खर्च होते, आणि ते संपले तर तो पडत नाही, जागेवरून ढळतो. म्हणून सुमारे १५ वर्षांनी उरलेले थोडे इंधन वापरून त्याला आणखी वर ढकलतात. इन्सॅट-४बी ला जानेवारी २०२२ मध्ये असेच निवृत्त केले गेले. किरणोत्सर्गाने कमजोर होणारे सौर पंख आणि थकलेल्या बॅटऱ्याही आयुष्य ठरवतात.

राहता राहिले लाडबोरीचे कडे. ते फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी चँग झेंग ३बी रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचे (शेवटी चालणाऱ्या इंजिनाच्या भागाचे) असावे, असा जाणकारांचा निष्कर्ष आहे. अशा टप्प्याची लांबट कक्षा प्रत्येक फेरीत पृथ्वीजवळच्या हवेला घासते आणि आखडत जाते. त्याचे इंजिन उड्डाणाच्या दिवशीच बंद झाले होते, तरी तो त्यानंतर सुमारे १४ महिने फिरत राहिला.