छाटून बसवा म्हणे!

"मागची मडगार्डं गरजेनुसार छाटून बसवावीत." संपलं! माझ्या किट कारच्या एवढ्या जाडजूड पुस्तिकेत त्यांच्या वाट्याला हे एकच वाक्य. मागच्या दिव्यांच्या वायरी कुठून कुठे न्यायच्या याला रंगीत आकृत्यांची दोन पानं, हॉर्नच्या बटणाला अर्धं पान, आणि अख्ख्या गाडीचं रूप ज्यांच्यावर ठरतं त्या फायबरच्या दोन कमानींना एक ओळ. गरज कुणाची? किती छाटायचं? कुठल्या रेघेवर? ही ओळ लिहिणाऱ्याने आयुष्यात एकदा तरी स्वतःच्या हाताने मडगार्ड बसवलंय का?

किट कार म्हणजे सुटे भाग आणून स्वतः जोडायची गाडी, हे मान्य. हाताने काम करायची हौस आहे म्हणूनच घेतली. पण जोडणं वेगळं आणि घडवणं वेगळं. खोक्यातून जे निघालं ते पुरतं घडवलेलंच नव्हतं. कडेची जाडी एका ठिकाणी २ मिलिमीटर, तिथून वीतभर पुढे ५. काचेच्या तंतूंची चटई हाताने अंथरून वर रेझिन फासायचं म्हटल्यावर थोडं कमीजास्त होणार, तेवढं कळतं मला. पण चकचकीत गुळगुळीत बाजू बाहेर, आणि जी बाजू बॉडीला टेकायची ती खडबडीत. त्यात पॉलिस्टर रेझिन घट्ट होताना आकसतं, आकारमानाने साधारण ५ ते ८ टक्के. त्या ओढीने काटकोनात वळवलेली कड एखाददुसरा अंश आत मिटते. पुरतं कडक व्हायच्या आत घाईघाईने साच्यातून उपटलं तर कमानच पिळवटते. माझं डावं मडगार्ड असं पिळवटलेलं आलंय. सपाट फरशीवर ठेवलं की एक टोक हवेत.

बरं, डावं आणि उजवं निदान एकमेकांची आरशातली रूपं तरी असावीत? नाव नको! मूळ नमुने कुणीतरी लाकूड आणि पुट्टी घासून हाताने केलेले, दोन बाजूंचे दोन, आणि त्यांचेच साचे काढलेले. उजवीकडचा कागदी फर्मा कापून उलटा केला आणि डावीकडे धरला, तर पुढच्या टोकाला बोटभर फरक.

आणि खरं घोडं पेंड खातं ते पुढेच. मोजायचं कशापासून? चासीसपासून, म्हणजे खालच्या सांगाड्यापासून मोजावं तर बॉडी एका अंगाला सरकलेली. बॉडीपासून मोजावं तर चाकं मध्यावर नाहीत. चाकापासून मोजावं तर चाक एका जागी राहील तेव्हा ना! मागे दोन्ही चाकांना जोडणारा सलग ॲक्सल, तो आडवा सरकू नये म्हणून धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड. रॉडचं एक टोक चासीसला, दुसरं ॲक्सलला. त्यामुळे गाडी वरखाली झाली की ॲक्सल किंचित बाजूला सरकतोच. जॅकवर चाक लोंबत असताना त्याची जागा एक, जमिनीवर टेकल्यावर दुसरी, आत दोन माणसं आणि भरलेली टाकी असताना तिसरी. मडगार्ड बसवायचं ते या तिसऱ्या जागेला धरून. म्हणजे आधी गाडीत वजन टाकायचं, मग रॉड फिरवून त्याची लांबी जुळवत ॲक्सल मध्यावर आणायचा, आणि त्यानंतर मडगार्डाला हात लावायचा. पुस्तिकेत रॉड जुळवायचं प्रकरण कुठे आहे? मडगार्डांच्या नंतर! वा रे क्रम! शिवाय स्प्रिंग काढून चाक पार वरपर्यंत उचलायचं आणि टायर आतून घासतोय का ते बघायचं, याबद्दल तर अवाक्षर नाही. पहिल्या मोठ्या खड्ड्यात टायरनेच कमान छाटून द्यावी, अशी योजना असावी.

छाटणी हा आणखी एक छळ. जिगसॉ करवतीचं साधं पातं वर येताना कापतं आणि जेलकोटचे, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत रंगीत थराचे, टवके उडवतं. तो थर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. म्हणून डायमंड चकती घ्या, मास्किंग टेप लावा, रेघेच्या दोनएक मिलिमीटर बाहेरून कापा आणि उरलेलं पॉलिश पेपरने घासत घासत आणा. मास्क लावून, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून घासलं तरी मनगटं रात्रभर खाजतात. आणि हे सगळं टाळता आलं असतं, याचाच जास्त संताप येतो. साच्यात आतल्या बाजूने एकदाच टोकदार खिळ्याने रेघ ओरखडली असती, तर त्यातून निघणाऱ्या प्रत्येक मडगार्डावर ती आपोआप उठून आली असती. कायमची! तेवढंही होत नाही यांच्याने.

फट राहिली तर बोल्ट आवळा, असं सांगणारे भेटतात. आवळला. इथली फट मिटली, तिकडच्या टोकाला दुप्पट उघडली, आणि बोल्टभोवती जेलकोटला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे. भोकं थोडी मोठी ठेवायची, खाली रबर आणि रुंद वॉशर घालायचे, बोल्ट बेताने पिळायचे, हे तरी छापायचं होतं. दुसरे सल्लागार म्हणतात, "बीडिंग लाव, काही दिसत नाही." अरे बाबा, बीडिंगची ती रबरी पट्टी दोनतीन मिलिमीटर झाकते. बोटभर फटीत ती आत पडते.

कळस म्हणजे जाहिरातीतलं ते ठळक वाक्य: रंग जेलकोटमध्येच आहे, रंगकामाचा खर्च नाही. हो, नाहीच! फट भरायची तर चटई आणि पुट्टी लागणार, आणि पुट्टी दिसू द्यायची नसेल तर रंग लागणारच. मग म्हटलं पिळवटलेलं डावं बदलूनच घेऊ. कंपनीचं उत्तर आलं, मिळेल, पण जेलकोटची खेप बदलली आहे, छटेत किंचित फरक पडू शकतो. किंचित म्हणजे जुना लाल आणि नवा जवळजवळ केशरी. म्हणजे आता दोन्ही मडगार्डं उतरवायची, साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं मेण पुसायचं, चमक घासून घालवायची, प्रायमर मारायचा आणि बॉडीला जुळणारा लाल शोधायचा. आणि बॉडीचा लाल या दोन्हींपैकी एकही नाही. तो तिसराच आहे, फक्त उन्हात नेल्याशिवाय कळत नाही.