अरे, कुणी कुणाला काही सांगेल का?

रॉबर्ट जॉर्डनच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या जादूच्या जगातल्या कादंबरीमालेचा पहिला खंड आला १९९० साली, चौदावा २०१३ साली. अधेमध्ये, २००७ मध्ये, लेखकच वारला. शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसनने पुरे केले. मी सध्या दहाव्यात रुतलोय आणि माझं तोंड बघून घरी कुणी जेवताना विषय काढत नाही.

लेखक माहिती फार देतो, याबद्दल माझं भांडण नाही. पहिल्याच खंडात चवताळलेला जमाव पलिते घेऊन येतो, आणि म्वारेन नावाच्या जादूगारीणबाई त्याला मॅनेथेरेन नावाच्या बुडालेल्या राज्याचा इतिहास ऐकवतात. लग्नघरातल्या थोरल्या आत्यासारखं, आधी पाच पिढ्या आणि मग नवरामुलगा! पण जमाव ऐकतो, ओशाळतो, घरी जातो. मीही निमूट ऐकलं. कुठल्या देशात झग्याचा गळा किती खोल, हे आता मला पाठ आहे. स्वतःच्या शर्टाचं माप मात्र बायकोला विचारावं लागतं. शिवाय माहिती फार झाली तर चार पानं उलटता येतात.

अबोल्याला इलाज नाही. लेखक वाचकाला सगळं सांगतो आणि पात्रं एकमेकांना काही म्हणजे काही सांगत नाहीत. नायक रँड आणि त्याचा मित्र पेरिन एकाच गावचे. रँडला वाटतं, बायकांशी कसं बोलायचं ते पेरिनला बरोबर कळतं. पेरिनला वाटतं, रँडला कळतं. अरे मग विचारा की! त्यांच्याच गावची नायनीव्ह तर बोलायची वेळ आली की स्वतःची वेणी ओढते. निम्मे घोळ एका चहावर मिटले असते. पेरिनची बायको आठव्या खंडात, म्हणजे १९९८ साली, शत्रूच्या कैदेत. सुटका अकराव्यात, २००५ साली. तोवर तो झुरतो, आपणही.

कळस दहाव्यात आहे. नवव्याच्या शेवटी रँड पुरुषांच्या जादूतलं विष धुऊन काढतो. केवढा पराक्रम! पुढे काय, म्हणून मी अधाशासारखा दहावा उघडला, तर गोष्ट चक्क मागे गेलेली. ठिकठिकाणची मंडळी लांबूनच ती प्रचंड शक्ती जाणवून ‘तिकडे काय चाललंय बरं?’ करत बसलेली. पानंच्या पानं. मला माहितीये! मला विचारा!

‘मग सोडून दे ना,’ बायको म्हणाली. सोडतो कसला? अकरावा आणून ठेवलाय. त्यात खरोखर काहीतरी घडतं म्हणे.